कूपन की अ‍ॅक्सेस कोड? ऑनलाइन कोर्स विकताना कुठे काय वापरायचं

नौपाड्यातला एखादा क्लास आपला एक्सेलचा कोर्स ऑनलाइन आणतो, तेव्हा लवकरच दोन प्रकारच्या मागण्या येऊ लागतात. पालक किंवा जुने विद्यार्थी विचारतात, ‘दसऱ्याला काही कमी करणार का?’ आणि महापेच्या एखाद्या कंपनीतून फोन येतो, ‘आमच्या साठ जणांना द्यायचाय, बिल एकच करा.’ बरेच जण दोन्हीकडे कूपनच काढतात: पहिल्यांना वीस टक्क्यांचं, कंपनीला शंभर टक्क्यांचं. पहिलं बरोबर आहे. दुसऱ्यामुळे महिन्याभरात हिशेबाचा आणि प्रवेशांचा असा गुंता होतो की तो सोडवायला कोर्स बनवण्याइतकाच वेळ जातो.

कूपन किंमत कमी करतं. गिऱ्हाईक नेहमीसारखंच चेकआउटवर येतं, पैसे भरतं, फक्त थोडे कमी भरतं. अ‍ॅक्सेस कोडच्या बाबतीत पैशांचा विषय आधीच संपलेला असतो. कोणीतरी पैसे भरलेले असतात, किंवा तुम्ही ते माफ केलेले असतात. कोड टाकणारा माणूस थेट कोर्समध्ये शिरतो. कूपन म्हणजे गडकरी रंगायतनबाहेर वाटलेलं सवलतीचं पत्रक. त्याच्या कितीही झेरॉक्स निघाल्या तरी खिडकीवर पैसे द्यावेच लागतात. कोड म्हणजे तिकीट. एक तिकीट, एक खुर्ची, आणि दारावर ते फाडलं जायलाच हवं.

मग निवड कशी करायची? पैसे भरणारा आणि शिकणारा एकच असेल तर कूपन. दोघं वेगळे असतील, किंवा पैसे वेबसाइटच्या बाहेर घेतले असतील, तर कोड. अर्ली बर्ड, सणाची सवलत, जुन्या विद्यार्थ्याने पाठवलेला नवा विद्यार्थी, ही सगळी कूपनची कामं. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेला कोर्स, शाळेने शिक्षकांसाठी घेतलेला, आजोबांनी नातवाला भेट दिलेला, पुस्तकासोबत दिलेला, क्लासच्या काउंटरवर रोख भरून घेतलेला, शिष्यवृत्तीतला: इथे कोडच. काउंटरच्या रोख फीचं प्रकरण लोक हमखास विसरतात, त्याकडे पुढे येऊ.

कूपन काढण्याआधी कागदावर हिशेब

कोर्सची किंमत 3,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटी धरून 3,540 आहे असं समजा. वीस टक्के कूपन लावलं की गिऱ्हाईक 2,832 भरतं. त्यातले 432 जीएसटीचे, 2,400 तुमचे. पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचा) दर 2 टक्के धरला तर 56.64 रुपये जातात आणि त्यावर पुन्हा 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 10.20. तो 10.20 इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो, असं धरलं तरी हातात 2,343 राहतात. त्यातून ओळखीने गिऱ्हाईक आणणाऱ्याला 300 रुपये द्यायचं कबूल केलं असेल, तर उरले 2,043. ‘वीस टक्के सूट’ म्हणताना तुम्ही प्रत्यक्षात पूर्ण किमतीतल्या कमाईचा जवळपास तीस टक्के भाग सोडला.

दुसरं गणित विक्रीच्या संख्येचं. वीस टक्के सुटीत पूर्वीइतकीच कमाई व्हायला विक्री पंचवीस टक्क्यांनी वाढावी लागते. चाळीसच्या जागी पन्नास. पन्नास टक्के सूट दिलीत तर दुप्पट. ऑनलाइन कोर्सला माल लागत नाही म्हणून सूट फुकटात पडते हा समज इथे मोडतो. प्रत्येक वाढीव विद्यार्थी शंका विचारणार आहे आणि त्याला उत्तर देणारा माणूस तोच आहे.

आणखी एक खाच. ‘500 रुपये सूट’ अशी ठोक रकमेची सूट जाहीर करण्याआधी साइटवर किमती करासह भरल्या आहेत की करावेगळ्या ते तपासा. करावेगळ्या असतील तर 500 मूळ किमतीतून वजा होतात: 2,500 अधिक 450 कर, म्हणजे 2,950. गिऱ्हाईकाला प्रत्यक्षात 590 कमी पडले. तक्रार कोणी करणार नाही, म्हणूनच हे लक्षात यायला वर्ष लागतं.

कूपन बनवताना

वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवणारं प्लगइन) कोर्स असेल तर ‘मार्केटिंग’ मेन्यूत ‘कूपन्स’ मिळेल. इतर प्लॅटफॉर्मवर नावं वेगळी असतील, रकाने जवळपास हेच असतात. सवलतीचा प्रकार टक्केवारी, आकडा 20. मग ‘युसेज रिस्ट्रिक्शन’मध्ये तीन गोष्टी: कोर्स नाव घेऊन निवडा, नाहीतर कूपन दुकानातल्या सगळ्यावर चालेल, ‘इंडिव्हिज्युअल यूज ओन्ली’वर टिक करा, नाहीतर दसऱ्याचं वीस आणि ओळखीचं दहा अशी दोन कूपनं एकाच बिलावर चढतील, आणि आधीच सेलवर असलेल्या कोर्सना वगळा. ‘युसेज लिमिट्स’मध्ये एकूण वापर आणि माणशी वापर असे दोन आकडे असतात. एकूण 100, माणशी 1 ही बरी सुरुवात आहे. माणशी मर्यादा ईमेलवर चालते, दुसऱ्या ईमेलने ती ओलांडता येते, पण सवलतीच्या कूपनसाठी एवढी ढिलाई चालते.

सगळ्यात जास्त भांडणं मुदतीच्या तारखेवरून होतात. वूकॉमर्समध्ये जी तारीख टाकाल तिच्या रात्री बाराच्या ठोक्याला, म्हणजे ती तारीख सुरू होतानाच, कूपन बंद होतं. जाहिरातीत ‘31 तारखेपर्यंत’ असेल तर आत 1 तारीख टाकायची. शिवाय वर्डप्रेसच्या ‘जनरल सेटिंग्ज’मध्ये टाइमझोन कोलकाता आहे ना ते बघा. तो यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिला असेल तर सगळं साडेपाच तास उशिरा चालतं. पाडव्याला मध्यरात्री सुरू होणारी सूट पहाटे साडेपाचला सुरू होते, आणि रात्री जागून बसलेला उत्साही विद्यार्थी ‘कूपन चालत नाही’ म्हणून वैतागून झोपून गेलेला असतो.

कूपनचं नाव वाटेनुसार वेगळं ठेवा. राम मारुती रोडच्या फ्लेक्सवर एक, सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरं, वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमधल्या स्टॉलवर तिसरं. सूट तीच, नावं वेगळी. महिनाअखेरीला कोणत्या वाटेने किती आले ते आपोआप कळतं. फक्त ‘वाशी20’ असं नाव दिलंत की चार जण ‘वाशी50’ टाकून बघणारच. ‘वाशी50’ असं कूपन कधी चाचणीसाठी बनवून तसंच राहिलं असेल तर ते आजच बंद करा.

नाव रोमन कॅपिटल अक्षरांत ठेवा, मराठी कोर्स असला तरी. देवनागरीत ‘२०’ आणि ‘20’ यंत्रासाठी वेगळे, आणि एकसारखं दिसणारं जोडाक्षरही प्रत्येक कीबोर्डवरून एकाच पद्धतीने उमटेल याची खात्री नसते. डोळ्याला फरक दिसत नाही, सर्व्हरला दिसतो.

चेकआउटवरचा ‘कूपन कोड आहे का?’ हा मोठा रकानाही तोट्याचा. ज्याच्याकडे कूपन नाही तो तिथे थांबतो, गूगलवर शोधायला जातो आणि बऱ्याचदा परत येत नाही. शक्य असेल तर कूपन लिंकमध्येच घाला, म्हणजे लिंक उघडली की सूट आपोआप लागलेली दिसते, आणि रकाना एका छोट्या ओळीमागे लपवा.

रोज ‘आज शेवटचा दिवस’ असं लिहून कूपन पुढे ढकलत राहू नका. खोटी घाई निर्माण करणं हे 2023 मध्ये केंद्राने काढलेल्या डार्क पॅटर्न्सच्या (गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या) मार्गदर्शक तत्त्वांत नाव घेऊन मोडतं. व्यवहाराचं बोलायचं तर, वर्षात तीन-चारपेक्षा जास्त वेळा सूट दिली की पूर्ण किमतीत कोणी घेतच नाही. लोक पुढच्या सणाची वाट बघतात, आणि आपल्याकडे पुढचा सण कधीच लांब नसतो.

अ‍ॅक्सेस कोड: आधी नोंदवही, मग कोड

कोड म्हणजे घेतलेले पैसे, त्यामुळे त्याची नोंद पावतीपुस्तकासारखी हवी. एका शीटमध्ये हे रकाने करा: कोड, बॅच, कोणाला दिला, बिल क्रमांक, दिल्याची तारीख, वापरल्याची तारीख, वापरणाऱ्याचा ईमेल किंवा मोबाइल, आणि स्थिती. स्थिती चारच: बंद, चालू, वापरला, रद्द. रद्द केलेली ओळ पुसायची नाही.

कोड कसा असावा? 26 अक्षरं आणि 10 अंकांतून शून्य, ओ, एक आणि आय ही चार चिन्हं काढून टाका, उरली 32. त्यातून आठ चिन्हांचा कोड केला तर जवळपास 1.1 लाख कोटी शक्यता होतात. याउलट चार अंकी कोड केलात तर शक्यता दहाच हजार. त्यातले 500 कोड चालू असतील तर सरासरी विसाव्या अंदाजाला कोणाचा तरी कोर्स उघडतो. अनुक्रमांक तर नकोच. एकाला 101 मिळाला की तो 102 टाकून बघतो. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर पंधरा मिनिटं थांबवण्याची सोय प्लॅटफॉर्मवर असेल तर ती चालू ठेवा. कोड चार-चारच्या दोन तुकड्यांत, मध्ये आडवी रेघ देऊन छापा. फोनवर वाचून दाखवताना ‘बी फॉर’ करत बसावं लागतं तेव्हा याची किंमत कळते.

एक्सेलमध्ये कोड बनवत असाल तर दोन सापळे आहेत. ‘रँडबिटवीन’ सूत्र शीटमधल्या प्रत्येक बदलाला नवा आकडा काढतं, त्यामुळे तयार झालेले कोड लगेच ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करून गोठवा, नाहीतर सकाळी पाठवलेले कोड संध्याकाळी शीटमध्ये सापडणार नाहीत. आणि रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. नुसत्या अंकांचा कोड शून्याने सुरू होत असेल तर एक्सेल तो शून्य खातं. अंकांच्या मध्ये एकटं ‘ई’ आलं तर त्याला तो घातांकातला आकडा वाटतो. शेवटी एकदा ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ चालवा.

प्रत्येक बॅचला दोन मुदती असतात आणि त्या वेगळ्या लिहायच्या: कोड कधीपर्यंत वापरता येईल, आणि वापरल्यापासून कोर्स किती दिवस दिसेल. ‘वैधता सहा महिने’ एवढंच लिहिलं तर कंपनी समजते आजपासून, विद्यार्थी समजतो लॉगिनपासून. कोड 90 दिवसांत वापरावा, त्यानंतर कोर्स 180 दिवस खुला, असं सरळ लिहा.

महापेच्या कंपनीचं उदाहरण, पहिल्यापासून

साठ कोड, प्रत्येकी 1,800 रुपये. मूळ रक्कम 1,08,000, केंद्राचा सीजीएसटी 9,720 आणि राज्याचा एसजीएसटी 9,720, एकूण 1,27,440. कंपनी एनईएफटी करणार, म्हणजे गेटवे मध्ये नाही. हेच पैसे गेटवेतून आले असते तर 2 टक्के आणि त्यावरचा कर मिळून तीन हजारांच्या वर गेले असते. बिलावर कंपनीचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) अचूक हवा. कंपनी टीडीएस कापत असेल तर तो करवेगळ्या 1,08,000 वर कापला जायला हवा. त्यासाठी बिलात जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवलेला असला पाहिजे. नंतर आयकर खात्याच्या साइटवर ती कापलेली रक्कम तुमच्या नावे दिसते का ते बघा.

क्रम असा ठेवा. परचेस ऑर्डर आली की 63 कोड बनवा, सगळे बंद स्थितीत. पाच चालू करून एचआरला चाचणीसाठी द्या. पैसे खात्यात आले की आणखी 55 चालू करा. उरलेले तीन तुमच्याकडे बंदच राहतील. कोणाचा कोड चुकीच्या ईमेलवर वापरला गेला, तर जुना रद्द करून यातला एक द्यायचा. ‘पेमेंट होऊन जाईल, कोड आधी पाठवा’ या वाक्यावर साठच्या साठ चालू करू नका. एकदा कोर्स पाहून झाला की परत घेण्यासारखं काही उरत नाही.

आता नेमकं बिघडतं कुठे? एचआर साठ कोडांची शीट एकाच मेलमध्ये सगळ्यांना पाठवतो. प्रत्येक जण वरचाच कोड उचलतो, पहिल्याचा चालतो, बाकीच्यांना ‘कोड आधीच वापरला आहे’ असं दिसतं, आणि तुमचा फोन दुपारपर्यंत वाजत राहतो. त्यामुळे मेल मर्जने (शीटमधून प्रत्येकाला वेगळा मेल आपोआप पाठवण्याच्या सोयीने) प्रत्येकाला त्याचाच कोड जाईल अशी शीट नावासकट तयार करून द्या, किंवा नावं-ईमेल मागवून तुम्हीच पाठवा. कंपनीच्याच ईमेलवर कोड चालेल असं बंधन घालता येतं, पण रबाळे-महापेच्या शॉपफ्लोअरवरच्या बऱ्याच लोकांना कंपनीचा ईमेल नसतो. तिथे मोबाइल ओटीपीवर नोंदणी ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर कोड पाठवताना तो स्वतंत्र मेसेजमध्ये, एकटाच पाठवा. फोनवर मेसेज दाबून धरला की अख्खा मजकूर कॉपी होतो आणि लोक तो तसाच रकान्यात टाकतात. ठळक दिसावा म्हणून दोन्ही बाजूंना चांदण्या लावल्यात तर त्या चांदण्याही सोबत जातात.

कोटेशनमध्येच लिहून ठेवा: न वापरलेल्या कोडचे पैसे परत मिळणार नाहीत, पण मुदतीत नाव बदलून मिळेल. परतावा द्यायचं ठरलं तर आधी ते कोड रद्द, मग क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद). उलट क्रमाने केलंत तर मधल्या दोन दिवसांत कोड वापरला जातो.

शंभर टक्क्यांचं कूपन कोड म्हणून का चालत नाही

कधीकधी चालतं. पण त्याचे दोष समजून वापरा. पहिला दोष: ऑर्डर शून्य रुपयांची होते. गेटवे शून्याचा व्यवहार घेत नाहीत, रेझरपेवर किमान रक्कम 1 रुपया आहे. तुमचा प्लॅटफॉर्म शून्य रकमेला गेटवे टाळून पुढे जात नसेल तर विद्यार्थी पेमेंटच्या पानावर अडकतो. दुसरा: अहवालात साठ विक्री आणि शून्य उत्पन्न दिसतं, कंपनीचे 1,08,000 दुसरीकडेच नोंदलेले, सीएला दोन्ही जुळवता येत नाहीत. तिसरा, सगळ्यात वाईट: वापराची मर्यादा घालायची राहिली तर ते कूपन टेलिग्रामवर पोचायला एक संध्याकाळ पुरते.

प्लॅटफॉर्मवर कोडची सोयच नसेल तर प्रत्येक माणसाला वेगळं कूपन काढा: शंभर टक्के, एकूण वापर 1, एकाच कोर्सपुरतं, मुदत टाकलेली, आणि जमल्यास ‘अलाउड ईमेल्स’मध्ये त्याच माणसाचा ईमेल. साठ वेळा हाताने करायचं काम नाही हे. कूपन घाऊक बनवणारं प्लगइन घ्या.

मूडलवर (कोर्स चालवण्याचं एक सॉफ्टवेअर) कोर्स असेल तर तिथली ‘एन्रोलमेंट की’, म्हणजे प्रवेशाचा पासवर्ड, हा वेगळाच प्रकार. ती सगळ्यांसाठी एकच असते, कोण आलं ते मोजत नाही. ‘पार्टिसिपंट्स’मधून ‘एन्रोलमेंट मेथड्स’ उघडा, ‘सेल्फ एन्रोलमेंट’मध्ये कमाल विद्यार्थी 60 करा आणि एन्रोलमेंटची मुदत 180 दिवस. दोन कंपन्या एकाच कोर्सवर असतील तर ‘ग्रुप एन्रोलमेंट की’ चालू करून प्रत्येक ग्रुपला स्वतःची की द्या. पण मुख्य कोर्सची कीसुद्धा भरलेली हवी, आणि ती कोणाला सांगायची नाही. ती रिकामी राहिली तर कोणीही कीशिवाय आत येतं.

यूडेमीसारख्या ऑनलाइन कोर्सच्या बाजारात हा प्रश्नच वेगळा आहे. तिथे तुमच्या हातात कूपन असतं, स्वतःचे कोड छापून कंपनीला विकण्याची सोय नसते. मात्र शिक्षकाच्या स्वतःच्या कूपन किंवा लिंकवरून झालेल्या विक्रीत शिक्षकाचा वाटा 97 टक्के असतो, बाजाराने स्वतः आणलेल्या विक्रीत 37. त्यामुळे तिथे कूपनचा उपयोग सुटीपेक्षा ‘हे गिऱ्हाईक माझं आहे’ हे सांगण्यासाठी जास्त.

काउंटर आणि बिल

क्लासच्या काउंटरवर रोख किंवा यूपीआयने फी घेऊन ऑनलाइन प्रवेश द्यायचा असेल तर तिथल्या माणसाच्या हाती शंभर टक्क्यांचं कूपन ठेवू नका. त्याला वीस कोडांची बॅच द्या. संध्याकाळी दिलेले कोड आणि फाडलेल्या पावत्या सारख्या भरल्या पाहिजेत. कूपन असेल तर ओळखीच्या चार मुलांना फुकट प्रवेश देऊनही पत्ता लागत नाही. प्रदर्शनात कोड कागदावर देणार असाल तर अक्षर मोठं ठेवा, 14 पॉइंटपेक्षा लहान नको, आणि शेजारी कोड भरलेल्या लिंकचा क्यूआर छापा.

बिलाबद्दल थोडक्यात. विक्रीच्या वेळीच दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट करपात्र रकमेतून वजा होते, म्हणून कूपनची रक्कम बिलावर वेगळ्या ओळीत यायला हवी. गिऱ्हाईकाचं राज्य चेकआउटवर विचाराच. ऑनलाइन सेवेच्या बिलावर ते लागतं, आणि महाराष्ट्राबाहेरच्याला सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी 18 टक्के आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा जीएसटी) लागतो. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असून नोंदणी केलेली नसेल तर बिलावर जीएसटी लावायचाच नाही. कूपन वापरून घेतलेला कोर्स परत केला तर भरलेले 2,832 परत द्यायचे, 3,540 नाही. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण घाईत यादीतली किंमत बघून परतावा देणारे असतात.

कोड किंवा कूपन बाहेर सोडण्याआधी मोबाइलवर इनकॉग्निटो विंडोत, नव्या ईमेलने तपासा: बरोबर कोड, मागे जागा सुटलेला कोड, लहान अक्षरांतला कोड, मुदत संपलेला, आधी वापरलेला, आणि दुसऱ्याच कोर्सवर टाकलेला. प्रत्येक वेळी येणारा संदेश मराठीत आणि कारणासकट हवा. नुसतं ‘इनव्हॅलिड’ आलं की माणूस फोन करतो. ‘हा कोड 12 तारखेला वापरला गेला आहे’ आलं की स्वतःचाच मेल शोधतो.

बॅच दिल्यापासून पंधराव्या, पंचेचाळिसाव्या आणि पंचाहत्तराव्या दिवशी शीट उघडून किती कोड अजून वापरले गेले नाहीत ते बघा आणि त्यांची यादी एचआरला पाठवा. शेवटची आठवण मुदतीच्या पंधरा दिवस आधी जाते, म्हणजे रजेवर असलेल्यालाही वेळ मिळतो. साठपैकी पंचवीसच वापरले गेले तर पैसे तुम्हाला मिळालेत, पण पुढच्या वर्षी तीच कंपनी पंचवीसचीच ऑर्डर देईल, किंवा देणारच नाही.